देवयानीबद्दल बोलला, की माझ्याबद्दल?

प्रश्न : आमच्या लग्नाला सात वर्षं झाली. आम्ही दोघंही वाचणारे. ओळख झाली तीच मुळी पुस्तकांच्या गप्पांमधून. गेल्या वर्षी ठरवलं की गाजलेल्या कादंबऱ्या दोघांनी मिळून वाचायच्या आणि वाचून झाल्या की मोकळेपणाने मतं सांगायची. 'मृत्युंजय' वाचताना मी ढसाढसा रडले. तो म्हणाला, "भाषेचा नुसता फुलोरा. कर्णाला उगाच डोक्यावर घेतलंय." 'कोसला' म्हणजे त्याचा जीव की प्राण, मला ती अर्ध्यापर्यंतही नेववली नाही, तर "तुला ती कळलीच नाही" हे वाक्य मी आठवडाभर ऐकत होते. मग 'ययाति' घेतली. ती मीच सुचवली होती. खरं सांगते, तो काय म्हणतो ते मला बघायचं होतं. पुस्तक मिटून तो म्हणाला, "देवयानीसारखी बायको असेल तर माणूस दुसरं काय करणार?" त्या रात्री मला झोप लागली नाही. हल्ली तो घरी असला तरी आपल्याच तंद्रीत असतो, त्यात हे. तेव्हापासून कुठल्याही पुस्तकाबद्दल विचारलं की मी "छान आहे" एवढंच म्हणून विषय मिटवते. रहस्यकथा आणि प्रेमाच्या कादंबऱ्या फोनवर वाचते, त्याला कळू देत नाही. असल्या पुस्तकांना तो 'टाइमपास' म्हणतो. आमच्या आवडी जुळत नाहीत याचा अर्थ आमचंच जुळत नाही, असा घ्यायचा का? एकत्र वाचणं थांबवू का?

– एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन कादंबऱ्या आहेत आणि तिन्ही वेळा तुमचं बिनसलंय, म्हणून तुम्हाला ते एकच लांबलेलं भांडण वाटतंय. मला तसं दिसत नाही. 'मृत्युंजय'वरचा मतभेद निव्वळ आवडीनिवडीचा आहे. तो जन्मभर तसाच राहिला तरी संसाराला काही होत नाही. 'कोसला'च्या वेळी तुम्ही दुखावलात त्या सांगण्याच्या तऱ्हेने. 'ययाति'च्या वेळी मात्र पुस्तक निमित्ताला उरलं आणि बोलणं घरात शिरलं, किंवा शिरलं असं तुम्हाला वाटलं. या तिन्हींचं औषध एक नाही, म्हणून मी ते वेगवेगळं सांगते.

आवडीनिवडीचं आधी, कारण ते लवकर आटोपेल. शार्लट ब्राँटेला एका समीक्षकाने जेन ऑस्टिन वाचायचा आग्रह केला. तिने 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मिळवून वाचली आणि १८४८ साली त्याला स्पष्ट कळवलं की हा कुंपण घातलेला, निगुतीने राखलेला बगीचा आहे. मोकळं रान आणि ताजी हवा यात कुठेच नाही. ज्या कादंबरीवर पिढ्यान् पिढ्या वाचक जीव टाकत आले, तिच्याबद्दल 'जेन आयर' लिहिणाऱ्या बाईचं हे मत! टॉलस्टॉयला शेक्सपिअर आयुष्यभर रुचला नाही आणि उतारवयात त्याने तसा लांबलचक निबंधच लिहिला. दोन जाणती माणसं एकाच पुस्तकापाशी अशी समोरासमोर उभी राहतात, आणि दोघांचंही वाचन खोटं नसतं.

कर्णाचंच घ्या. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली आणि त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही आलं. एका पुस्तकात कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाचा धाकटा भाऊ शोण, कर्णाची बायको वृषाली, कृष्ण आळीपाळीने बोलतात आणि वाचक कर्णाच्या दुःखात बुडून जातो. दुसऱ्या पुस्तकातल्या लेखांत कर्णाला कसलीही सवलत नाही. त्याच्या चुका त्याच्याच पदरात टाकलेल्या आहेत. मराठी वाचकाने ही दोन्ही पुस्तकं डोक्यावर घेतली. तेव्हा तुमचे पती कर्णाबद्दल जे म्हणाले त्यात तुमचा अपमान शोधू नका. ते 'युगान्त'च्या बाजूचे वाचक असतील, तुम्ही 'मृत्युंजय'च्या. अशी घरं पुष्कळ आहेत आणि सुखात आहेत.

एक गोष्ट मात्र मला खटकली, आणि ती दोघांकडूनही झाली आहे. तुम्ही बहुधा म्हणाला असाल, "अप्रतिम आहे." ते म्हणाले, "फुलोरा आहे." हे दोन्ही निकाल झाले. निकाल दिल्यावर बोलायला काही उरत नाही. पुढचा माणूस एक तर मान डोलावतो, नाही तर वाद घालतो. तुम्ही रडलात ते कुठल्या पानावर? कर्ण हस्तिनापूरला निघतो आणि लहानगा शोण रथामागे धावत सुटतो, तिथे? वृषाली बोलते तिथे? ते पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं असतंत आणि म्हणाला असतात, "इथे मला माझा धाकटा भाऊ आठवला," तर त्यावर "फुलोरा" हा शब्द कुणाच्याही तोंडून निघाला नसता. किंवा निघालाही असता, पण त्या पानातल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवून. मग तुम्ही ते वाक्य पुन्हा वाचलं असतंत, आणि कदाचित म्हणाला असतात की हो, इथे उपमा एकीवर एक चढल्या आहेत, तरी मला रडू आलंच. दोघांचं मत जागच्या जागी राहिलं असतं, पण दोघांना एकमेकांबद्दल एक नवी गोष्ट कळली असती. एकत्र वाचायचं ते याचसाठी. एकमत व्हायला हवं असतं तर एकानेच वाचून दुसऱ्याला सांगितलं तरी भागलं असतं.

तर माझा सगळा सल्ला जवळजवळ एवढाच आहे : एकमेकांना मत विचारू नका, पान विचारा. "कशी वाटली?" या प्रश्नाला "छान", "बोअर", "भारी" याखेरीज उत्तर नाही. "कुठे थांबलास?", "कुठलं पान दोनदा वाचलंस?", "कुठे राग आला?" असं विचारलं की माणसाला पुस्तक उघडावं लागतं.

आता 'कोसला'. "तुला कळली नाही" हे वाक्य नवराबायकोंनीच काय, कुणीच कुणाला कादंबरीबद्दल म्हणू नये. समोरच्याला ते विद्यार्थी करून टाकतं आणि बोलणाऱ्याला मास्तर. तुमच्या पतींना हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि सरळ सांगा : "तू असं म्हणालास की मला पुढे बोलावंसंच वाटत नाही." त्यावर पुष्कळ माणसं आधी चिडतात आणि दोन दिवसांनी स्वतःहून गप्प होतात. तेवढी वाट बघा.

पण तुमच्या बाजूनेही एक अडचण आहे. "नेववली नाही" यातून त्यांना काय कळणार? कुठे अडलात? कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर बापाच्या पैशावर शहरात राहतो आणि तो पैसा हॉस्टेलात भलत्याच गोष्टींवर उधळतो, याचा राग आला का? मग तो भक्कम आक्षेप आहे, त्यावर तासभर बोलता येईल. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांचा मारा सहन झाला नाही का? तोही आक्षेप आहे. १९६३ साली ही कादंबरी आली तेव्हा त्या भाषेनेच कित्येकांना खिळवून ठेवलं आणि कित्येकांना चीड आणली. तुम्ही एकट्या नाही.

माझ्या मते त्यांना एकदाच सांगून पाहा, की तुला जे पान सगळ्यात जवळचं आहे ते मला मोठ्याने वाचून दाखव. ते बहुधा पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग काढतील. 'कोसला'वर प्रेम करणारे खूप जण तिथेच येऊन थांबलेले असतात. आधीची सगळी टवाळी, सगळा कोरडेपणा तिथे आल्यावर वेगळाच दिसायला लागतो, आणि अर्ध्याच्या आत पुस्तक ठेवणाऱ्याला ते दिसत नाही, हे खरं आहे. बहुधा हेच त्यांना सांगायचं होतं आणि "तुला कळली नाही" असं तोंडून बाहेर पडलं. तो भाग ऐकूनही तुम्हाला पुस्तक आवडलं नाही तर नका वाचू. हाती घेतलेली कादंबरी संपवलीच पाहिजे, असं कुणीही ठरवून दिलेलं नाही. नावडतं पुस्तक रेटून पूर्ण करणारा माणूस त्याचा राग शेवटी शेजारच्यावर काढतो.

आता तुमची झोप उडवणारं वाक्य.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला १९६० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हाही हीच कादंबरी सगळ्यांच्या तोंडी होती. तिची रचनाच अशी आहे की नवराबायकोने मिळून वाचली तर ठिणगी पडणारच. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा, तिघं आपापली कहाणी 'मी' म्हणून सांगतात. नवरा, बायको आणि जिच्याकडे नवरा वळला ती. तिघांनाही आपली बाजू पटवायची आहे. वाचक नकळत एकाच्या शेजारी जाऊन बसतो, आणि अंथरुणावर शेजारी झोपलेला माणूस दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसलेला असतो.

तेव्हा आधी त्या वाक्याकडे पुस्तकाचा वाचक म्हणून बघू. त्याला आधार अजिबात नाही असं नाही. देवयानी अभिमानी आहे, हट्टी आहे, ज्याच्यावर जीव जडला त्या कचाची जखम मनात ठेवूनच ती हस्तिनापुरात राणी होऊन येते आणि नवऱ्याला मनाने दूर ठेवते. अनेक वाचकांना ती दुष्ट वाटते. मला ती दुष्ट वाटत नाही. जिला कचाने नाकारलं, जिला विहिरीत ढकललं गेलं, जिचा बाप प्रेमळ असला तरी आपल्याच तपश्चर्येत गुंग, अशी ती मुलगी आहे. आणि तिचा स्वतःच्या तोंडचा भाग नीट वाचला तर तो ताठा कुठून आला ते कळतं. पण हे माझं वाचन झालं.

"माणूस दुसरं काय करणार?" याच्याशी मात्र मी सहमत नाही, आणि खांडेकरांची कादंबरीही सहमत नाही. मुकुलिका आठवा. ययातीचे वडील नहुष महाराज मरणाच्या दारात आहेत, तरुण ययातीला मृत्यूच्या भीतीने घेरलंय, आणि ती भीती बुडवायला तो त्या दासीकडे वळतो. तेव्हा देवयानी त्याच्या आयुष्यात आलेलीसुद्धा नाही. त्याची भूक आणि त्या भुकेमागचं भय, दोन्ही लग्नाच्या आधीचं आहे. ययातीच्या ऱ्हासाचं खापर बायकोवर फोडायला कादंबरीत जागाच ठेवलेली नाही. म्हणून तर तो स्वतः कबुली देत बसलाय. पुस्तकापुरतं तुम्हाला त्यांना उत्तर द्यायचं असेल तर हे द्या : "मुकुलिकेच्या वेळी कुठे होती देवयानी?" हा प्रश्न चिडून विचारायचा नाही. पुस्तक उघडून, ते पान समोर ठेवून विचारायचा. मला वाटतं, त्यांच्यासारख्या वाचकाला तो आवडेल.

पण तुमची झोप या प्रश्नाने उडालेली नाही, हे मला कळतंय. 'हा मला देवयानी म्हणतोय का?' या प्रश्नाने ती उडालीय. याचं उत्तर मला देता येणार नाही, तुम्हालाही एकट्याने छताकडे बघून देता येणार नाही. ते फक्त एका माणसाला ठाऊक आहे आणि तुम्ही त्याला विचारलेलं नाही.

तर विचारा. पुस्तकाची चर्चा चालू असताना नको, कारण तेव्हा दोघंही बाजू लढवण्याच्या तयारीत असतात. एखाद्या निवांत वेळी, पुस्तक जवळपासही नसताना : "त्या दिवशी तू देवयानीबद्दल जे म्हणालास, ते माझ्या मनातून जात नाहीये. ते पुस्तकाबद्दल होतं, की आपल्याबद्दलही काही होतं?" एवढंच. पुढे "कारण तू हल्ली..." जोडू नका. ते जोडलंत की प्रश्नाचा आरोप होतो, आणि आरोपाला माणूस बचावच देतो.

ते म्हणाले, "अगं, नुसतं पुस्तकाबद्दल होतं," तर विश्वास ठेवा. पुस्तक मिटताना माणूस पटकन काहीतरी बोलून जातो. रात्री अकरा वाजता एखाद्या पात्राबद्दल तोंडून गेलेलं वाक्य म्हणजे कुणाचं सात वर्षांचं मनोगत नव्हे. आणि विश्वास ठेवलात की मग पूर्ण ठेवा. चार महिन्यांनी वेगळ्याच भांडणात "तेव्हा तू मला देवयानी म्हणाला होतास" असं निघालं, तर पुढे कुठल्याही पुस्तकाबद्दल ते तोंड उघडणार नाहीत.

ते गप्प झाले, किंवा म्हणाले, "थोडंसं आपल्याबद्दलही असेल," तर घाबरून जाऊ नका. ऐकायला ते कडू लागेल, पण तुम्ही ज्या तंद्रीबद्दल लिहिलंय तिच्यामागे काय आहे हे कळायची ती पहिली संधी असेल. कदाचित त्यांना तुम्ही लांब गेल्यासारख्या वाटत असाल. कदाचित तुम्हालाही तसंच वाटतंय, आणि दोघं एकमेकांच्या बोलण्याची वाट बघताय. तेव्हा देवयानी, ययाति, शर्मिष्ठा सगळ्यांना बाजूला ठेवा आणि तुमच्या दोघांबद्दलच बोला, तुमच्या नावांनी. कादंबरीतल्या पात्रांच्या आडून संसाराचं बोलायला लागलं की सोपं वाटतं, पण कोण कुठल्या पात्राबद्दल बोलतंय आणि कोण स्वतःबद्दल, याचा लवकरच पत्ता लागेनासा होतो. हे बोलणं दोघांना जमत नसेल, दर वेळी भांडणावर किंवा अबोल्यावर जात असेल, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही.

आणि आता तुम्हाला थोडं कठोर सांगते, रागावू नका. 'ययाति' तुम्ही मुद्दाम सुचवलीत, ते काय म्हणतात ते बघायला. तुम्ही त्यांची परीक्षा घेतलीत आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. ते बिचारे आपले कादंबरी वाचत होते. अशी परीक्षा घेणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि त्याला धरून असलेलं एक वाक्य ऐकू आलं की बाकीची दहा वाक्यं कानाआड होतात. 'ययाति'बद्दल ते आणखी काय काय बोलले असतील! शर्मिष्ठेबद्दल, पुरूबद्दल, कचाबद्दल? तुमच्या पत्रात त्यातलं एकही वाक्य नाही. जे विचारायचं ते तोंडाने विचारा, कादंबरीला मध्यस्थ करू नका. तिच्यावरही तो अन्याय आहे.

तुमचं ते "छान आहे" आता बंद करा, असं मी आग्रहाने सांगेन. व्हर्जिनिया वुल्फ कादंबरी लिहून झाली की हस्तलिखित नवऱ्याच्या, लेनर्डच्या हाती द्यायची आणि त्याच्या मताकडे जीव मुठीत धरून बघायची. १९३६ साली 'द इयर्स' त्याच्या हाती आली तेव्हा ती मनाने पार खचलेली होती. लेनर्डने मनात होतं त्याहून जास्त कौतुक केलं, आणि पुढे आत्मचरित्रात ते मान्यही केलं. त्याला बायकोच्या जिवाची भीती होती; त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. तुमच्याकडे तसं काही कारण नाही. तुमचं "छान आहे" कुणालाच वाचवत नाहीये. त्याने एवढंच होतंय की सात वर्षांपूर्वी ज्या गप्पांमुळे तुम्ही एकमेकांना आवडलात, त्या गप्पा तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करताय.

फोनवरच्या कादंबऱ्यांचंही तेच. लपवू नका. पुढचं पान उलटायला लावणं हे कादंबरीचं फार जुनं आणि फार अवघड काम आहे. डिकन्सच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने आल्या आणि लोक पुढच्या अंकाची वाट बघत बसले. 'अ‍ॅना कॅरेनिना'सुद्धा १८७५ पासून १८७७ पर्यंत मासिकातूनच येत होती; शेवटचा भाग छापायला संपादक तयार झाला नाही, तेव्हा टॉलस्टॉयने तो स्वतंत्र छापून घेतला. आज जिला आपण अभिजात म्हणतो ती तेव्हा लोकांची चालू मालिका होती. तेव्हा 'टाइमपास' या शब्दाला दबू नका. तुमच्या आवडत्या रहस्यकथेत लेखकाने खुनी कुठल्या प्रकरणात उघड्यावर ठेवून लपवलाय, हे नवऱ्याला दाखवा. त्यात कसब असेल तर ते त्यांनाही दिसेल. आणि एखादी प्रेमकथा तुम्ही नुसती मन रमवायला वाचत असाल, तर तेही कारण पुरेसं आहे, त्याचा हिशेब कुणाला द्यायला नको.

हे पत्र तुमच्या पतींच्या हाती पडलं तर त्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. स्टीफन किंगने 'कॅरी'ची पहिली काही पानं लिहून कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. त्याच्या बायकोने, टॅबिथाने, ती उचलून वाचली. गोष्ट शाळकरी मुलींच्या जगातली, आणि त्या जगाची आपल्याला माहिती नाही म्हणून किंगने हात टेकले होते. ती म्हणाली, पुढे काय होतं ते मला जाणून घ्यायचंय, त्या जगाबद्दल मी तुला मदत करते. १९७४ साली 'कॅरी' बाहेर आली, ती त्याची पहिली प्रसिद्ध झालेली कादंबरी. टॅबिथाने ती पानं चांगली की वाईट याचा निवाडा केला नाही, तिला पुढचं हवं होतं. बायको फोनवर काय वाचते आहे, याकडे असं कुतूहलाने बघून पाहा. त्या तुम्हाला सांगायला उत्सुक आहेत, त्याशिवाय का एवढं लांब पत्र लिहिलं!

पुढे एकत्र कसं वाचायचं, तर थोडी घडी बदला. दोघांनी एकाच दिवशी संपवायची अट काढून टाका. एकाची पानं मागे राहिली की तो घाईने उरकतो. पुस्तक कोण निवडणार याची पाळी लावा आणि निवडणाऱ्याने आधी स्तुती करायची नाही, "बघ तुला काय वाटतं" इतकंच. छापील प्रत असेल तर पेन्सिल घेऊन बसा. ज्याने आधी वाचलं त्याने समासात छोट्या खुणा करायच्या, शब्द लिहायचे नाहीत. दुसऱ्याने वेगळी खूण वापरायची. दोघांच्या खुणा ज्या पानावर एकत्र येतात तिथून बोलायला सुरुवात करा, आणि जिथे एकाचीच आहे तिथे दुसऱ्याने विचारायचं, "इथे का?" पुस्तक मिटलं त्याच क्षणी मतं मागू नका. एक रात्र जाऊ द्या. तुमच्या पतींचं ते वाक्य सकाळी चहाच्या वेळी आलं असतं तर बहुधा वेगळ्या शब्दांत आलं असतं.

पुढची कादंबरी म्हणून मी डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' सुचवेन. ती तुमच्या घरापासून पुरेशी लांब आहे आणि तिच्यात एक तयार वाद आहे, ज्यात नवऱ्याची बाजू की बायकोची, असा प्रश्नच नाही. १८६०–६१ साली ती साप्ताहिकातून येत होती. डिकन्सने आधी एक शेवट लिहिला होता. एडवर्ड बुल्वर-लिटन या लेखकमित्राने तो बदलायचा आग्रह धरला आणि डिकन्सने दुसरा लिहिला. मूळ शेवट डिकन्सच्या मृत्यूनंतर त्याच्या मित्राने लिहिलेल्या चरित्रातून लोकांपुढे आला, आणि आता बऱ्याच आवृत्त्यांत तोही मागे जोडलेला असतो. कुठला शेवट खरा, यावर वाचक आजही भांडतात. दोघांनी दोन्ही वाचा आणि आपापला शेवट का निवडलात ते नायक पिप आणि त्याचा जीव जिच्यात अडकलाय त्या एस्टेलाच्या आधीच्या पानांवरून दाखवा. मला स्वतःला पहिला पटतो. तुम्हाला दुसरा पटला तर कारण जरूर कळवा.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं, सरळ. आवडी जुळत नाहीत यावरून तुमचं जुळत नाही असं मुळीच ठरत नाही. आणि एकत्र वाचणं थांबवा, पण तो एक प्रश्न विचारून होईपर्यंतच. आधी ते देवयानीचं बोलून घ्या, मगच डिकन्स उघडा. उलट केलंत तर पिप आणि एस्टेलाच्या नावाने पुन्हा तेच बोलणं सुरू होईल.